साबण लावायचा राहिला

बायकोच्या प्रदर्शनात तिच्या शेवटच्या कामाखाली चिठ्ठी लावली होती : 'मौन. अमूर्त शिल्प. प्लास्टर.' ती वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली. चार लोक बघत होते, तरी मी ती चिठ्ठी तिथल्या तिथे उपटली.

प्रदर्शन भरवणारी मुलगी धावत आली. मुलगी म्हणजे बायकोची जुनी विद्यार्थिनी. आता स्वतःच चित्रकला शिकवते, चष्मा लागलाय, पण मला अजून काका म्हणते. "काका, काय झालं? लोकांना हेच सगळ्यात आवडतंय. बाईंचं सगळ्यात धाडसाचं काम म्हणतात."

"म्हणू देत," मी म्हटलं. "ते शिल्प नाही आणि मौन तर मुळीच नाही. ते माझ्या हातून वाया गेलेलं काम आहे. मी ते घरी घेऊन जाणार."

तिने माझ्या हातातली चिठ्ठी काढून घेतली. मग समजूत काढल्यासारखं म्हणाली, "मग तुम्हीच लिहा ना बाईंबद्दल. दोन पानं. पुस्तिकेत घेऊ."

म्हणून लिहायला बसलोय. मी छतं करणारा माणूस. प्लास्टरची छतं, कोपऱ्यांच्या पट्ट्या, दिव्याभोवतीची गोल नक्षी. मला लिहायची सवय ती भिंतीवर मापं लिहिण्यापुरती. दोन पानांत मावेल असं वाटत नाही, आणि छापण्यासारखं होईल असंही वाटत नाही. पण खोटं नाव लागलेलं बघवत नाही.

ती शाळेत चित्रकला शिकवायची. सगळे तिला बाई म्हणायचे, लग्नानंतर मीही बाईच म्हणत राहिलो. भेट झाली तीच मुळी शाळेत. हॉलच्या छताचा तुकडा खाली आला होता आणि मी परांचीवर उताणा पडून नवं करत होतो. खालून आवाज आला, "अहो, उरलेलं प्लास्टर मिळेल का?"

मी वरूनच म्हटलं, "बाई, प्लास्टर उरत नाही. कालवलं की वीस मिनिटांत मरतं, दगड होतं."

"मग न कालवलेलं द्या."

घमेलंभर पूड दिली. तिने काय करावं? पुडीत पाणी ओतलं. पाण्यात पूड घालायची असते, हे ज्याला ठाऊक नाही तो माणूस प्लास्टरला हात लावतोच कसा, असं मला झालं. गुठळ्याच गुठळ्या. मी खाली उतरलो, दाखवलं. दुसऱ्या दिवशी परत उतरलो, काही कारण नसताना. त्या हॉलचं छत आठवडाभर उशिरा झालं आणि मुख्याध्यापकांनी मला चांगलंच फैलावर घेतलं.

आमच्या घराची मागची खोली तिची. उत्तरेची मोठी खिडकी, खाली सिमेंटची जमीन, एका भिंतीला कपाट आणि मधोमध फिरता चौरंग, ज्यावर ती मातीचं काम करायची. तिची कामाची पद्धत ठरलेली होती आणि त्यात फेरफार चालत नसे. आधी रेघ, मग रंग, शेवटी माती. कुणाचा चेहरा करायचा तर ती आधी महिना-दीड महिना नुसती कोळशाने त्याची चित्रं काढायची. सकाळी उठल्या उठल्या, चहाच्याही आधी. आणि सुरुवात पाठीमागून. "माणूस पाठमोरा कळला की तोंड आपोआप कळतं," असं तिचं म्हणणं. लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत तिने माझं डोकं मागून इतक्या वेळा काढलं, की माझं टक्कल कसकसं वाढत गेलं याचा पूर्ण पुरावा त्या कपाटात आहे. मी म्हणायचो, "बाई, एकदा पुढून बघ, नाकडोळे आहेत मला." ती म्हणायची, "घाई काय आहे? मी कुठे जातेय?"

रेघ झाली की सगळी चित्रं कपाटात कुलपात. मग रंग. माणूस समोर नाही, चित्रही समोर नाही. मी विचारलं, असं आंधळ्यासारखं का रंगवायचं? म्हणाली, "समोर असलं की नक्कल होते. आत जेवढं उरलं तेवढंच रंगवायचं." कातडीला ती आधी हिरवा रंग लावायची. मी दारातून डोकावून विचारायचो, "हा आजारी आहे का?" त्यावर ठरलेलं उत्तर, "थांबा हो, पिकू दे जरा." आणि चार दिवसांनी खरंच त्या हिरव्यातून गाल वर यायचा.

माती शेवटी. त्या वेळेपर्यंत माणूस तिच्या बोटांत उतरलेला असायचा. आठ-आठ तास उभी राहायची. पण तिची एक गंमत होती. पुढे ती गंमत राहिली नाही, म्हणून आत्ताच सांगतो. मातीत चेहरा पुरा झाला की तो तिच्या डोक्यातून जायचा. अगदी पुसल्यासारखा. एकदा आमच्या पोस्टमनचं डोकं केलं तिने. चार महिने त्याच्यामागे लागली होती, तो बिचारा पत्रं टाकायची सोडून पाठ करून उभा राहायचा. काम संपलं आणि आठवड्याने तो दारात आला, तर ही त्याला विचारते, "कोण पाहिजे?" मी हसून हसून लोळलो. पोस्टमनला मात्र ते लागलं. पुढे बरेच दिवस तो पत्रं दारातूनच आत फेकायचा.

माती वाळली की तडकते, म्हणून चेहरा प्लास्टरमध्ये उतरवावा लागतो. हे काम आम्ही दोघं करायचो आणि त्यातही वाटणी होती. मातीच्या डोक्यावर मी प्लास्टर चढवायचो. पहिला हात निळीचा. कपड्यांची नीळ घातलेलं पातळ प्लास्टर, नखाएवढ्या जाडीचं. त्यावर पांढरं, चांगलं जाड. सुकलं की साचा दोन भागांत उघडायचा आणि आतली माती खरवडून काढायची. म्हणजे मूळ चेहरा तिथेच संपतो. हातात राहतो तो पोकळ साचा. त्या पोकळीला आतून साबणाचं पाणी लावायचं, मऊ ब्रशने, कुठे फेस राहू न देता. मग दोन्ही भाग दोरीने बांधून आत नवं प्लास्टर ओतायचं. ते मेलं की वरचा साचा छिन्नीने फोडायचा. पांढरं संपून निळं दिसलं की हात हळू करायचा, कारण निळ्याखाली चेहरा असतो. साबण असला की निळा थर टरफलासारखा सुटून येतो. नसला तर नवं प्लास्टर जुन्याला धरून बसतं आणि मग देवाच्यानेही सुटत नाही.

ओतणं माझं, साबण तिचा. मला त्यात हात घालू द्यायची नाही. "तुमचा हात सपाट करणारा. माझ्या भुवया बुजवून ठेवाल." इतक्या वर्षांत मी एकदाही साबणाचा ब्रश हातात धरला नाही.

आम्हाला एक मुलगी होती. जन्मली तेव्हा एवढीशी, म्हणून बाई तिला ठिपका म्हणाली, त्याची ठिपकी झाली आणि तेच राहिलं. शाळेच्या दाखल्यावर दुसरं नाव होतं, ते हाकेला कधी आलं नाही. बाईने तिचीही चित्रं काढली, पाळण्यातली, रांगतानाची, गृहपाठ करतानाची. पोरगी वैतागायची. आईसमोर बसवलं की मुद्दाम गाल फुगवायची, डोळे तिरळे करायची. रंगातही बाईने तिला केलं, दोन-तीनदा. मातीत कधीच नाही.

मी एकदा विचारलं, जगाची तोंडं करतेस, पोरीचं का नाही? ती हात पुसत म्हणाली, "नको. तिचं केलं तर उद्या तिला दारात विचारेन, कोण पाहिजे." दोघंही हसलो.

ठिपकी तेवीस वर्षांची असताना गेली. आठ दिवसांचा ताप. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं, मी ते लक्षात ठेवलं नाही. ठेवून काय करायचं होतं?

पुढची दोन वर्षं मागची खोली बंद होती. बाईने शाळा सोडली. कपाटातली ठिपकीची चित्रं मी काढून दाखवायला गेलो तर म्हणाली, "ती लहानपणची आहेत. ही ती नाही." फोटो होते, पुष्कळ होते. त्यांच्याकडे बघायचीसुद्धा नाही. "फोटोत ती फोटो काढून घेतेय," म्हणायची. "तशी ती घरात कधी होती का?" आणि खरंच नव्हती.

मग एका सकाळी मी उठलो तर मागच्या खोलीत खिडकी उघडी आणि बाई जमिनीवर बसलेली. मांडीवर कागद, हातात कोळसा. पाठमोरी ठिपकी. वेणी, वेणीखालची मान, उजव्या कानामागचा तीळ. मी तसाच मागे फिरलो, चहा टाकला आणि स्वयंपाकघरात उभं राहून रडलो. मला वाटलं, बाई परत आली.

वर्षभर रेघ आणि रंग चालले. रंगवलेल्या एकाही चित्रात तोंड नव्हतं. खांदा, पुस्तकावर टेकलेलं कोपर, दारातून बाहेर पडतानाची पाठ. मग तिने माती मळायला घेतली. मला कळलं ती काय करतेय, आणि भीतीही वाटली. "बाई," मी म्हटलं, "तूच म्हणायचीस ना, मातीत केली की डोक्यातून जाते?"

"माहीत आहे."

"मग?"

"डोक्यातून तशीही चाललीय. रोज थोडी थोडी. काल मला तिचा वरचा ओठ सापडेना." मातीवरचं ओलं फडकं तिने नीट केलं. "संपूर्ण जायच्या आधी बाहेर काढून ठेवते. मग माझ्याकडे नसली तरी घरात असेल."

आठ महिने लागले. त्या काळात मी आत पाऊल टाकत नसे, तिने हाक मारेपर्यंत. एका दुपारी तिने हाक मारली. "बघा. आहे का?"

होती. मी काही कलेतला माणूस नाही. पण माझी पोरगी मला ओळखता येते. काहीतरी खोचक बोलायच्या आधी ती ओठाचा डावा कोपरा किंचित आत ओढायची आणि एक पापणी जड व्हायची. तो क्षण होता तो. आता बोलेल, आता म्हणेल, "बाबा, शर्टाची बटणं खालीवर लागलीत." मी खाली बघितलं. बटणं बरोबर होती. मग मात्र मी भिंतीला पाठ लावून खाली बसलो.

बाई माझ्याकडे बघत होती. मातीकडे नाही. "बरं झालं," ती म्हणाली. "तुम्हाला दिसली ना? मला आता एवढीच दिसते, या मातीतली. डोळे मिटले की काहीच नाही."

यानंतर लगेच साचा काढायला हवा होता. पण काढायचा म्हणजे आतली माती खरवडायची. तीन महिने आम्ही दोघंही तो विषय टाळत राहिलो. ती दिवसातून चार वेळा फडकी ओली करायची. पण मातीच ती. पाणी पिऊन जड झाली, हनुवटी खाली ओघळायला लागली. एका रविवारी सकाळी बाई म्हणाली, "आज करून टाका. माती तुम्ही काढा, मला बघवणार नाही. मी बाहेरच्या खोलीत बसते."

मी दार लोटून घेतलं आणि कामाला लागलो. साच्याचे दोन भाग व्हावेत म्हणून डोक्यावरून कानामागे पत्र्याच्या पट्ट्या लावल्या. निळं कालवलं. पहिला शिंतोडा तिच्या डोळ्यांवर मारताना माझाच डोळा मिटला. मग पांढरं चढवलं. सुकल्यावर उघडलं आणि माती काढायला लागलो. हाताने, लाकडी चमच्याने. मी तोंडाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी नाक अख्खंच्या अख्खं हातात आलं. बादलीत टाकलं. टाकणार नाहीतर काय करणार?

साचा धुतला आणि उजेडात धरला. पोकळ चेहरा कधी बघितलाय का? तो आत गेलेला असतो, पण डोळ्याला बाहेर आलेला दिसतो. आणि आपण सरकलो की तोही वळतो. मी खिडकीकडे सरकलो, तर ठिपकी माझ्याकडे वळली. दाराकडे सरकलो, तिकडे वळली. निळी. तोच ओठ, तीच पापणी. शंभर साचे बघितलेत मी, हे काही मला नवीन नव्हतं. पण त्या दिवशी मी साचा पटकन पालथा घातला. मला ते बघणं थांबवायचं होतं, बस. दोन्ही भाग एकमेकांवर बसवले, दोरीने आवळले, सांधे लिंपले. पाण्यात पूड घातली, थापीने ढवळलं, ओतलं, घोळवलं, परत ओतलं. माझं एकूण एक काम मी बिनचूक केलं. मनात म्हटलंसुद्धा, झालं बुवा एकदाचं.

भांडं धुवायला कोपऱ्यातल्या नळाशी गेलो. तिथे फळीवर साबणाचं पाणी तयार होतं. बाईने सकाळीच करून ठेवलं होतं. वर साय धरली होती आणि शेजारी ब्रश होता. कोरडा.

मी वळून साच्याला हात लावला. प्लास्टर मरताना तापतं. तो साचा तापला होता, तिचं कपाळ त्या आठ दिवसांत तापायचं तसाच. मी दोरी कापली. फटीत सुरी घातली, दात-ओठ खाऊन जोर लावला. दोन भाग एकमेकांना आणि आतल्याला घट्ट धरून बसले होते. माती बादलीत, साचा बंद, आणि माझी पोरगी मध्ये.

बाहेर येऊन मी बाईला सांगितलं, "ओलं आहे अजून. फोडू नंतर." ती म्हणाली, "बरं."

तीन दिवस ओलं आहे, ओलं आहे करत काढले. ती बाहेर गेली की मागच्या बाजूने छिन्नी लावून बघायचो. पांढरं निघालं, निळं लागलं. निळ्याला सुरीने खरवडलं, तर कानाची पाळी निळ्यासकट तुटून हातात आली. पाळी! मी सुरी ठेवून दिली. भिंत सपाट करणारा हात हा, याने तोंड कोरून काढायचं? आणि तिने काढायचं तर तिच्याकडे चेहरा होता कुठे?

चौथ्या दिवशी सांगितलं. ती कपाटाला टेकून उभी होती. मला वाटलं किंचाळेल, मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती त्या प्लास्टरच्या गोळ्याकडे बघत म्हणाली, "आत आहे ना ती?"

"आहे."

"मग असू दे." एवढंच. नळाशी जाऊन तिने तो कोरडा ब्रश धुतला आणि उन्हात ठेवला.

मी नाकावर राग असलेला माणूस. पण त्या दोन शब्दांनी मला कायमचं वाकवलं. एवढं मोठं मन! मी तिची लेक दुसऱ्यांदा घालवली आणि ती म्हणते, असू दे. त्यानंतरची चार वर्षं मी तिच्यापुढे आवाज चढवला नाही. चहा मी करायचो, तिची चप्पल मी पुसायचो. ती पुन्हा रेघेवर आली होती. नळ, कप, माझे बूट यांची चित्रं काढायची. माती नाही, रंग नाही. एकदाच मी धीर करून म्हटलं, "ठिपकीला काढून बघ ना." तिने काढली. पाठमोरी नाही, समोरून. छान मुलगी होती. नाकीडोळी नीटस, कुणाचीही असावी अशी. बाईने कागद लांब धरला, जवळ धरला, आणि मला विचारलं, "ही कोण?"

मी तो कागद तिच्या हातातून घेतला. काय सांगणार? माझ्या डोळ्यांपुढेही आता खऱ्या तोंडाऐवजी तो निळा साचाच यायचा.

मग तिचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं. त्याचा अर्थ आम्हाला दोघांना कळला. तिची खाट मी मागच्या खोलीत, खिडकीपाशी लावली. गोळा तिथेच होता, चौरंगावर. हलवू का विचारलं, तर नको म्हणाली.

एका दुपारी मी तिला चमच्याने सूप देत होतो. अर्धं झाल्यावर तिने तोंड बाजूला केलं.

"अहो, त्या दिवशी मला कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"साबण राहिलाय ते. तुम्ही थापीने ढवळायला लागलात ना, तो आवाज बाहेर आला. ओतायच्या आधीचा. मी साबण लावल्याशिवाय तो आवाज कधी आला नव्हता."

मी चमचा वाटीत ठेवला. "मग हाक का नाही मारलीस?"

"उठले होते. दारापर्यंत आले. दाराला हात लावला आणि वाटलं, आत गेलं की तिच्या डोळ्यांवरून ब्रश फिरवायचाय. आतून. पाय उचलेना हो. परत जाऊन बसले. म्हटलं, तुम्हाला आठवेल."

"आणि नाही आठवलं तर?"

तिने चौरंगाकडे बघितलं.

"चार वर्षं, बाई? चार वर्षं मी..."

"सांगणार होते. तुम्ही कबूल केलंत ना, त्याच दिवशी सांगणार होते. पण तुम्ही इतके चांगले वागायला लागलात." तिचे डोळे भरून आले. "मग सांगायचं राहूनच गेलं."

इथे लिहिणं थांबवलं असतं तर पुस्तिकेत शोभलं असतं. पण मी काय म्हटलं तेही लिहितो. मी म्हटलं, "मग आता तरी कशाला सांगितलंस? घेऊन जायचं होतंस बरोबर."

मरणाऱ्या बाईला म्हटलं हे. आणि वाटी उचलून बाहेर गेलो.

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. सगळं केलं. औषध दिलं, कूस बदलली, चादर बदलली, केस विंचरले. पण तोंडातून शब्द नाही. ती दोनदा "अहो" म्हणाली, मी कानामागे टाकलं. रागही नुसता तिचा नव्हता. दाराच्या एका बाजूला ती उभी होती, दुसऱ्या बाजूला मी, मध्ये ढकललं की उघडणारं दार, आणि तेवढ्यात आमची पोरगी बंद झाली. हा राग कुणावर काढायचा ते मला कळत नव्हतं, म्हणून मी तिच्यावर काढत होतो. मला वाटत होतं, वेळ आहे. अजून महिनाभर आहे, असं डॉक्टर म्हणाले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवून उठलो. दाढी केली, चहा केला, दोन कप घेऊन आत गेलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. आदल्या संध्याकाळी नर्सने वेदनेसाठी मोठं इंजेक्शन दिलं होतं. बाई जागी होती, पण नजर माझ्यावर थांबत नव्हती. माझ्या खांद्यावरून पलीकडे दाराकडे बघत होती आणि हसत होती. गेल्या कित्येक वर्षांत मी तिला तसं हसताना बघितलं नव्हतं. कुणाला तरी नीट, अगदी जवळून ओळखल्यासारखी. तिला चेहरा परत मिळाला होता, हे मला तिच्या बघण्यावरून कळलं.

"ठिपके," ती म्हणाली, "बाबा रागावलेत गं माझ्यावर. तू जा. तुझ्याशी बोलतील."

"नाही रागावलो," मी म्हटलं. "बाई, अगं नाही रागावलो. इकडे बघ."

"जा ना," ती दाराला म्हणाली. "माझ्या हाकेला ओ देत नाहीत."

मी कप खाली ठेवले. खुर्ची ओढून बरोबर तिच्या डोळ्यांसमोर बसलो, दोन्ही हातांत तिचं तोंड धरलं. "मी बोलतोय गं. बघ, बोलतोय मी."

ती मान वाकडी करून माझ्या मागे बघत राहिली.